कुत्रा त्यांचा, जीव आपला खालीवर

न मागता सल्ला द्यायला आपल्याकडे ओळख लागत नाही. कडेवर तान्हं बाळ घेऊन कुठल्याही बसस्टॉपवर उभं राहून बघा. दोन मिनिटांत त्याचे कान झाकायला सांगणाऱ्या एक आजी, टोपी काढायला सांगणाऱ्या दुसऱ्या आजी आणि ‘दात येत असतील’ असं निदान करणारे एक आजोबा हजर होतात. मंडईत आपण निवडलेला फ्लॉवर शेजारची अनोळखी बाई आपल्या हातातून काढून घेते आणि ‘हा नको, किडका आहे’ म्हणत दुसरा देते. लग्न कधी, दुसरं कधी, पगार किती, गुडघ्याला काय लावता, यांतलं काहीही विचारताना आपण कुणाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसतोय असं कुणाच्या मनातही येत नाही.

याच मंडळींच्या डोळ्यांदेखत भर दुपारी कुणी आपल्या लॅब्रेडॉरला तापलेल्या डांबरी रस्त्यावरून ओढत नेऊ द्या. सगळा बसस्टॉप क्षणात व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता होतो. ‘त्यांचा कुत्रा आहे, ते बघतील,’ असं पुटपुटत सगळे लांबून येणाऱ्या बसचा नंबर वाचायला लागतात. कान झाकायला सांगणाऱ्या आजीसुद्धा.

मी बोलते. हा गुण की दोष यावर आमच्या घरात एकमत नाही. म्हणजे मी सोडून बाकीच्यांचं आहे. सकाळी वेताळ टेकडीवर फिरताना समोर कुणी कुत्र्याची साखळी खसकन ओढली, की आता मी बोलणार हे माझ्या नवऱ्याला माझ्याआधी कळतं. त्याची चाल एकदम वाढते. मी तोंड उघडेपर्यंत तो पुढच्या वळणावर एखाद्या झाडाचं बारकाईनं निरीक्षण करत उभा असतो. एरवी त्याला आंबा आणि चिंच यांतला फरकही फळं लागल्याशिवाय कळत नाही.

त्याचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणतो, “तू बोलून मोकळी होतेस. कुत्रा त्याच माणसाबरोबर घरी जातो. चारचौघांत झालेला पाणउतारा तो माणूस कुणावर काढणार? तुझ्यावर? तू तोवर घरी पोहे खात असशील.” या युक्तिवादात पोहे सोडले तर खोट काढता येत नाही. बोलणाऱ्याच्या जिवाला शांती आणि कुत्र्याच्या पाठीत रट्टा, असा हिशेब होणार असेल तर गप्प बसलेलं बरं. पण गप्प बसूनही रट्टे थांबलेत असं काही दिसत नाही.

एक प्रसंग सांगते. टेकडीवर मोर आहेत आणि सकाळी ते पायवाटेच्या जवळ येतात. एका ट्रॅकसूटवाल्या गृहस्थांनी आपला ब्रूनो मोकळा सोडला होता. ब्रूनोला मोर दिसला आणि तो निघाला. मालकांनी हाक मारली, “ब्रूनो, कम!” मग “ब्रूनो, कम हिअर!” मग “ब्रूनो, आय सेड कम!” मराठी घरातला कुत्रा हा बहुतेक वेळा त्या घरातला इंग्रजी माध्यमाचा पहिला विद्यार्थी असतो. पण राग अनावर झाला की शिक्षणाचं माध्यम बदलतं. “ब्रून्या, येतोस का येऊ मी तिकडे?” हे ऐकल्यावर ब्रूनो आला. सरळ आला नाही. मोठा वळसा घेत, कान मागे पाडून, शेपटी खाली घालून, पोटाला चिकटलेल्या कुसळांसकट आला. दोनदा ओठ चाटले, एकदा उगाचच जांभई दिली, मालकांकडे सोडून इतर सगळीकडे पाहिलं. मालकांनी पट्टा धरला आणि दोरीच्या टोकानं पाठीत दोन ठेवून दिल्या. मग माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाले, “बघा कसं तोंड केलंय. चूक कळते हो त्याला.”

या ‘चूक कळलेल्या’ तोंडावर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं कुत्र्याला खाऊ दाखवायचा, ‘खायचा नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला सांगितलं जाई; कधी खरं, कधी खोटं. निष्कर्ष असा निघाला की अपराधी चेहऱ्याचा आणि अपराधाचा काही संबंध नाही. मालक रागावला की चेहरा पडतो. ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरीही बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे उलट जास्त अपराधी दिसले. म्हणजे ‘चूक कळली’ असा चेहरा मुळात ‘साहेब चिडलेत’ असा असतो. सरकारी कचेरीत चार वर्षं काढलेल्या माणसाला हे प्रयोगाशिवाय सांगता येईल.

ब्रूनोच्या बाजूनं हिशेब मांडून पाहा. गेलो, मोर दिसला, मजा आली. परत आलो, मार बसला. तर चूक कुठे झाली? परत येण्यात. पुढच्या वेळी ब्रूनो ती सुधारणार आणि मालक म्हणणार, हल्ली ऐकतच नाही.

मी एवढंच म्हणाले, “अहो दादा, परत आला म्हणून मार बसला असं वाटेल ना त्याला.”

गृहस्थांनी मला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तुमच्याकडे आहे का कुत्रा?”

हा पात्रतेचा प्रश्न आहे आणि तो हमखास येतो. ‘नाही’ म्हटलं तर, “मग तुम्हाला नाही कळायचं, काकू.” ‘आहे’ म्हटलं तर, “कुठला?” ‘साधाच, रस्त्यावरून आणलेला’ म्हटलं तर, “हां! या ब्रीडचं वेगळं असतं.” त्याच जातीचा कुत्रा असल्याचं सिद्ध केलंत, तर तुमची मादी असते आणि त्यांचा नर. अशा चाळण्या लागत लागत शेवटी या पृथ्वीतलावर ब्रूनोबद्दल बोलायला पात्र असा एकच माणूस उरतो. त्याच्या हातात दोरी असते.

मालकांची उत्तरं ऐकून ऐकून आता मला तोंडपाठ झाली आहेत. एक घराणेशाहीचं उत्तर: “आमच्याकडे आजोबांपासून कुत्री आहेत.” आजोबांपासून डायबेटिसही आहे, पण तो कुणी पुरावा म्हणून पुढे करत नाही. दुसरं विषयांतराचं: “आधी रस्त्यावरच्या कुत्र्यांचं बघा.” तिसरं वैद्यकीय: “डॉक्टरांनीच सांगितलंय.” कुत्र्याला दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवा असं सांगणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही, पण भेटला तर मी त्याच्याशीही बोलणार आहे. आणि सगळ्यांत लाडकं, सगळ्या रोगांवर चालणारं उत्तर म्हणजे, “तो चावत नाही.”

“अहो, त्याला धाप लागलीय.”

“नाही हो, चावत नाही तो.”

“पट्टा फार आवळलाय, खोकतोय बघा.”

“घाबरू नका, काही करत नाही.”

“मी घाबरले नाहीये. त्याला पाणी हवंय.”

“या ना, हात लावा. काऽही करत नाही!”

इथे संवाद संपतो. कुत्रा खोकत राहतो आणि आपण नाइलाजानं त्याच्या डोक्यावर हात फिरवतो. आपल्याला हात फिरवायचाच होता, त्यासाठीच ही सगळी प्रस्तावना होती, अशी मालकांची खात्री पटते.

अलीकडे यात शास्त्रोक्त मालकांची भर पडली आहे. यांनी यूट्यूबवर पाहिलेलं असतं की कुत्रा हा मुळात लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक ‘अल्फा’ असतो, आणि घरात तो अल्फा आपण व्हायला हवं. नाहीतर कुत्रा होईल. म्हणून त्याच्याआधी दारातून बाहेर पडायचं, त्याच्याआधी जेवायचं आणि त्यानं ऐकलं नाही तर त्याला उताणा पाडून दाबून धरायचं. या सगळ्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 सालच्या निरीक्षणांत आहे, आणि ती निरीक्षणं कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांची होती. कुठकुठले परके जीव एका आवारात कोंबले तर मारामाऱ्या होतात, हे कळायला लांडगे लागत नाहीत. सोसायटीची वार्षिक सभा पुरते. डेव्हिड मेक यांच्या 1970 सालच्या पुस्तकानं ही अल्फाची कल्पना जगभर पोचवली. मग त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 साली लिहून टाकलं की रानातला कळप म्हणजे कुटुंब असतं आणि ज्यांना आपण अल्फा म्हणत होतो ते नुसते आई-बाप असतात. ही दुरुस्ती यूट्यूबपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. आमच्या भागातला एक अल्फा रोज सकाळी कुत्र्याला दारात थांबवून स्वतः आधी बाहेर पडतो. त्याच्या मागून त्याची आई ओरडते, “अरे, मास्क घे, धूळ आहे!” आणि अल्फा मुकाट परत आत जातो.

आता उन्हाचा विषय. पुण्याचा एप्रिल हल्ली चाळिशी गाठतो आणि पुण्यात हस्की पाळतात. 1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा या कुत्र्यांच्या पूर्वजांनी उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीत, बर्फाच्या वादळातून, घसरगाड्या ओढून औषध पोचवलं. त्यांचा हा वंशज अधिक चाळीसमध्ये सोसायटीच्या गेटपाशी कुरिअरवाल्याकडून पिझ्झा कटर पोचायची वाट पाहत उभा असतो. त्याच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. घाम गाळून अंग गार करायची सोय कुत्र्याला जवळजवळ नाही. थोडाफार घाम येतो तो पंजांना. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. हे मालकांना सांगितलं की ते म्हणतात, “त्याला एसी आहे.” एसी घरात आहे, कुत्रा रस्त्यावर आहे, ही अडचण त्यांच्या लक्षात येत नाही. काहींच्या येते, मग ते कुत्र्याचं चक्क टक्कल करून आणतात. तो वरचा थर ऊनही अडवत होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

रस्ता किती तापलाय हे पाहायची सोपी युक्ती आहे. हाताची मागची बाजू डांबरावर टेकवायची आणि पाच-सात सेकंद ठेवून पाहायची. ठेववली नाही तर कुत्र्यालाही चालवू नये. ही युक्ती मी एका जाड तळव्यांचे बूट घातलेल्या तरुणाला प्रत्यक्ष करून दाखवत होते. भर रस्त्यात उकिडवं बसलेली, डांबराला हात लावून आकडे मोजणारी बाई पाहून समोरच्या दुकानदारानं विचारलं, “मॅडम, कानातलं पडलं का?” पाठोपाठ आणखी दोघं शोधायला वाकले. कुत्र्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. सोन्यासाठी तिघं थांबले. तरुण मात्र शहाणा होता. त्यानं स्वतः हात टेकवला, झटकन उचलला आणि कुत्र्याला घेऊन झाडाखालच्या मातीच्या कडेनं गेला. बोलून उपयोग होतो तो असा. गाजावाजा न होता, आणि नवरा पुढच्या वळणावर असताना.

खरी कसोटी मारणाऱ्यांशी बोलताना लागत नाही, लाड करणाऱ्यांशी बोलताना लागते. आमच्या शेजारच्या इमारतीत एक लॅब्रेडॉर आहे. त्याला बारीक करण्यासाठी मुलगा आणि सून सकाळ-संध्याकाळ राबतात आणि मधल्या वेळात आजी त्याला पार्ले-जीचा पुडा, शिरा, पोळीचा लाडू आणि जेवताना प्रत्येक पदार्थाचा पहिला घास देतात. आजी म्हणतात, “भुकेला असतो हो सारखा, बघवत नाही.” गंमत म्हणजे त्यांचं चूक नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की बऱ्याच लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे तो नाटक करत नाही. तो भुकेला आहेच. फक्त त्या भुकेला आणि पोटाला एकमेकांचा पत्ता नाही.

पण शिऱ्यात बेदाणे असतात, आणि बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा, लसूण रक्ताला वाईट, चॉकलेट तर विषच. हे सांगितल्यावर आजींनी थेट संतांना साक्षीला बोलावलं. “नामदेवांच्या ताटातली कोरडी पोळी कुत्र्यानं पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आणि तुम्ही मला बेदाणे मोजायला सांगता?”

मी म्हटलं, “आजी, नामदेवांचा कुत्रा पळत होता. हा सोफ्यावरून उठत नाही.”

आजी हसल्या. शिरा चालू आहे, बेदाणे बंद झाले. वाटाघाटींत एवढं पुष्कळ.

कायद्याचा धाक घालावा, असं काहींना वाटतं. कायदा आहे आणि चांगला आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर गेल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. त्यातून पुढे 1960 चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या 11 व्या कलमात प्राण्याला मारहाण करणं, उपाशीतापाशी ठेवणं, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हे सगळं गुन्हा आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हासुद्धा गुन्हा आहे. तिथे कुत्र्याचा मुद्दाम नावानिशी उल्लेख आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान 10 रुपये आणि कमाल 50 रुपये. 1960 साली ही रक्कम मोठी असेल. आज ती मोजताना मालक ‘ऑनलाइन चालेल का’ असं विचारेल, किंवा शंभराची नोट पुढे करून ‘राहू द्या, उरलेले पुढच्या वेळचे’ म्हणेल. यातली दुसरी सूचना महागात पडू शकते, कारण तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

‘हे सगळं परदेशी फॅड आहे’ असंही ऐकवलं जातं. त्यांच्या माहितीसाठी मुंबईची एक तारीख देते: 6 जून 1832. मोकाट कुत्रे मारण्याचा इंग्रज सरकारचा हुकूम होता आणि त्यासाठी इनाम होतं. इनामाच्या लोभानं मारेकरी पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी मंडळी बिथरली. इतर समाजांचे लोक त्यांना मिळाले, दुकानं बंद पडली, कुलाब्याच्या पलटणीकडे जाणारी रसदही अडवली गेली. दंगल मोडली, पण पुढे कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर हलवण्याची वाट काढावी लागली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि इतरांच्या पुढाकारानं मुंबईत पांजरापोळ उभा राहिला. परक्यांनी कुत्र्यांशी कसं वागावं यावरून या शहरानं दंगल केली आहे. मी फक्त ‘दादा, त्याला पाणी द्या’ एवढंच म्हणते. हा इतिहास मी नवऱ्याला ऐकवला. तो म्हणाला, “त्यांच्याकडे बंद करायला दुकानं होती.”

बोलणाऱ्यांबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण त्यांचंही सगळं सरळ नसतं. बंगल्यातल्या मोठ्या साहेबांचा जर्मन शेफर्ड दिवसभर हातभर साखळीला बांधलेला असतो. त्यावर आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. गणपतीच्या वर्गणीच्या वेळी तर त्या कुत्र्याच्या देखणेपणाचं कौतुक होतं. पण त्याच कुत्र्याला संध्याकाळी फिरवायला येणारा पगारी पोरगा मोबाइल बघत जरा दोरी ओढतो, आणि चार जणांची भूतदया एकदम उचंबळून येते. “ए, मुका जीव आहे तो! कुठे राहतोस तू?” कुत्र्याला दिवसातून अर्धा तास मोकळं चालवणारा तो एकटाच माणूस असतो, आणि ओरडा त्यालाच बसतो. आपली दया समोरच्याचा हुद्दा बघून जागी होत असेल, तर तिला दया म्हणू नये. साहेबांना सांगता येत नसेल तर पोरालाही सांगू नये.

काही जण विचारण्याआधीच निकाल देतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी हाडं दिसणाऱ्या कुत्र्याला फिरवणाऱ्या कॉलेजच्या मुलाला भर चौकात झापलं, “खायला घालायची ऐपत नाही तर पाळता कशाला?” त्यानं तो कुत्रा आदल्याच आठवड्यात हायवेच्या कडेवरून उचलून आणला होता आणि दिवसातून चार वेळा थोडं थोडं भरवत होता. तोंडाला जाळी लावलेला कुत्रा दिसला तरी असंच होतं. जाळी लावणारा मालक बऱ्याचदा सगळ्यांत जबाबदार असतो. म्हणून आधी प्रश्न, मग मत. ‘बरं नाही का त्याला?’ या चार शब्दांत निम्मी माहिती मिळते आणि कुणाचा अपमानही होत नाही.

शिवाय कुठे बोलायचं नाही, हेही ठरवून टाकावं. दिवाळीत कुत्र्याला शेरवानी घातली, बोलू नये. घट्ट नसली तर ती त्याची अडचण नसून फोटो बघणाऱ्यांची आहे. वाढदिवसाला पन्नास माणसं बोलावली, बोलू नये. बोलावलं असेल तर जावं. त्याला बाबागाडीत बसवून फिरवलं, त्याचं नाव ‘मोदक’ ठेवलं, त्याच्याशी इंग्रजीत बोलले, त्याची पत्रिका केली, यांतल्या कशालाही आपण बोलायचं नाही. ही आवडीनिवडीची बाब आहे, आणि कुत्रा आपल्या माणसांच्या आवडीनिवडी जेवढ्या सोसतो तेवढ्या आपल्या घरचेही सोसत नाहीत. प्रश्न एकच विचारावा: त्याला इजा होतेय का? स्कूटरवर स्वतः बसून, दोरीला बांधलेल्या कुत्र्याला मागून पळवणाऱ्या माणसाला टोकलंच पाहिजे. व्यायामाची गरज ज्याला आहे तो बसलेला असतो, आणि ज्याला दोरी चाकात गेली तर जीव गमवावा लागेल तो धावत असतो.

मग बोलायचं कसं? याची उत्तम पद्धत आपल्या रस्त्यांवर रोज वापरात आहे. स्कूटरचा स्टँड खाली राहिलेला दिसला, की शेजारून जाणारा अनोळखी माणूस ओरडतो, “ओ, स्टँड!” तो असं म्हणत नाही की तुम्ही बेजबाबदार आहात, तुमच्यासारख्यांनी गाडी घेऊच नये, तुमच्याकडे लायसन्स आहे का. तो आपला फोटो काढत नाही. आभाराची वाट पाहत नाही. आपण मान हलवेपर्यंत तो पुढच्या सिग्नलला असतो. आणि ज्याला सांगितलं त्यालाही कमीपणा वाटत नाही. तो नुसता पाय मारून स्टँड वर करतो. धोका सांगितला, माणसाची लायकी काढली नाही, एवढंच त्याचं गमक.

कुत्र्याबद्दलही याच सुरात बोलता येतं. ‘लाज नाही वाटत?’ याऐवजी ‘पट्टा एक भोक सैल केलात तर खोकला थांबेल.’ ‘राक्षस आहात का?’ याऐवजी ‘इकडे सावली आहे, इकडून या.’ ‘मी तक्रार करीन’ याऐवजी ‘समोर नळ आहे, पाणी दाखवू का त्याला?’ मालकाला लगेच, तिथल्या तिथे, तोंड न पाडता करता येईल असं काहीतरी सांगावं. माझ्या नवऱ्याच्या युक्तिवादाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: ज्याचा पाणउतारा झालेला नाही, तो घरी जाऊन कुणावर काही काढत नाही.

जिथे रोजची मारहाण, उपासमार किंवा जखमा दिसतात, तिथे मात्र हे गोड बोलणं पुरत नाही. तिथे वेळ, जागा, फोटो यांची नोंद करावी आणि पोलिसांकडे किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे जावं. घराण्याची चर्चा करू नये.

बाकी सगळीकडे बोलावं, असंच माझं मत आहे. आपण अनोळखी माणसाच्या सुनेबद्दल बोलतो, गुडघ्याबद्दल बोलतो, फ्लॉवरबद्दल बोलतो. या सगळ्यांना स्वतःची बाजू मांडणारं कुणी ना कुणी असतं; फ्लॉवरच्या बाजूनं निदान भाजीवाला असतो. कुत्र्याच्या बाजूनं बोलणारं त्या क्षणी रस्त्यावर दुसरं कुणी नसेल, तर ते आपण व्हावं. दोन वाक्यं बोलावीत, हळू आवाजात बोलावीत आणि चालू लागावं. साखळी हातभर लांब झाली, पाण्याचं भांडं उन्हातून सावलीत सरकलं, की काम झालं. श्रेय मागायला परत जाऊ नये.